वाचक विचारतात : जुना कोर्ग आय-३

प्रश्न : एका ऑर्केस्ट्राकडून जुना कोर्ग आय-३ कीबोर्ड घेतला. चालू करताच बॅटरी कमी असल्याचा संदेश येतो. स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) वाजते, पण डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) बदलली तरी बेस बदलत नाही. मॅन्युअल जाडजूड आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी बॅटरी, मॅन्युअल नंतर. १९९३ च्या या सेटमध्ये आधीच्या वादकाने साठवलेले आवाज आणि अरेंजमेंट (आवाज व साथीची मांडणी) आतल्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर टिकून असतात. सेल काढला की सगळे पुसले जाते. म्हणून फ्लॉपी फॉरमॅट करून डिस्क मोडमधून सगळा डेटा सेव्ह करा, एक नव्हे, दोन फ्लॉपींवर. सेव्ह होताना एरर आली तर सेलला हात लावू नका; ड्राइव्हचे हेड साफ करून पुन्हा प्रयत्न करा. ड्राइव्ह मेलाच असेल तर त्याजागी फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह चालवणारा यूएसबी एम्युलेटर बसतो, पण मागवण्यापूर्वी केबलच्या पिना मोजा.

सेल बदलताना प्लग काढा. सेट उलटा ठेवताना दोन्ही टोकांखाली पुस्तके लावा, म्हणजे जॉयस्टिकवर भार येणार नाही. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच घ्या. तो सोल्डर केलेला असेल तर जागेवर होल्डर बसवून घेणे चांगले. प्लस-मायनस मात्र दोनदा तपासा. मग फ्लॉपीतला डेटा परत लोड करा.

आता कॉर्ड. कॉर्ड स्कॅनिंग, म्हणजे दाबलेली कॉर्ड ओळखण्याची सोय, बंद असेल तर बेस हलणार नाही; ते लोअरवर (डावीकडच्या पट्ट्यांवर) ठेवा आणि स्प्लिट पॉइंट, म्हणजे डावा-उजवा भाग वेगळा होतो ती पट्टी, कुठे आहे ते पाहा. डाव्या हाताने नुसते सा-प धरायची सवय अनेकांना असते. त्यातून मेजर की मायनर हे यंत्राला कळत नाही. सा-ग-प असे तिन्ही स्वर एकदम दाबा.

मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचू नका, कंटाळून सोडाल. तीन शब्द पक्के करा : प्रोग्रॅम म्हणजे एक आवाज, स्टाइल म्हणजे ताल आणि साथ, अरेंजमेंट म्हणजे या दोन्हींसोबत टेम्पो, व्हॉल्यूम आणि इफेक्ट यांची एकत्र मांडणी. आवडती स्टाइल वाजते पण उजव्या हाताला नको तो आवाज येतो, ही गडबड अरेंजमेंटमध्ये असते. स्टाइल एडिटमध्ये शोधून हाती काही लागत नाही. मॅन्युअलमधले अरेंजमेंट प्लेचे प्रकरण सेटसमोर बसून करा. पुढे बॅकिंग सिक्वेन्सकडे वळा : कॉर्ड बदलत एकदा वाजवलेली पूर्ण साथ त्यात साठते, मग गायकासोबत उजवा हात मोकळा राहतो.

सेट जपानहून आलेला असेल तर मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट छापलेले असते. तसे असल्यास स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीच्या सॉकेटात लावू नका.