अ‍ॅडॅप्टिव्ह आणि रिफ्लेक्टिव्ह मिडलवेअर या विषयात आता संशोधनाला काही उरले आहे का?

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मार्गदर्शकांनी हा विषय, म्हणजे अनुप्रयोग आणि नेटवर्क यांच्यामधला सॉफ्टवेअरचा थर (मिडलवेअर) चालू असताना स्वतःत बदल कसा करू शकेल हा प्रश्न, सुचवला आहे, पण त्यातले बहुतेक शोधनिबंध वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आहेत, कॉर्बा (वेगवेगळ्या यंत्रांवरच्या प्रोग्रॅमना जोडणारे जुने मानक) आता नव्या कामासाठी कोणी घेत नाही, आणि कुबेरनेटिस (कंटेनरमधले प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली) व सर्व्हिस मेश (सेवांमधला संवाद हाताळणारा प्रॉक्सींचा थर) आल्यावर इथे करण्यासारखे काय उरले, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की विषयाचे नाव जुने झाले असले, तरी त्यातला अवघड भाग अजून सुटलेला नाही. चालू प्रणालीत बदल घडवण्याची साधने आज मुबलक आहेत. तो बदल करण्यापूर्वी प्रणालीला स्वतःविषयी काय ठाऊक असावे आणि ती माहिती त्या क्षणी कितपत खरी असते, हा प्रश्न मात्र होता तिथेच आहे, आणि प्रबंध लिहायचा तर त्याच्यावर लिहावा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. बाहेरची परिस्थिती पाहून आपले वागणे बदलणारी प्रणाली अ‍ॅडॅप्टिव्ह ठरते, आणि त्यासाठी तिला स्वतःची रचना माहीत असलीच पाहिजे असे नाही. कुबेरनेटिसचा हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर घ्या; पॉडची, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या संचाची, संख्या तो भाराप्रमाणे कमी-जास्त करतो. मूळ मांडणीत तो दर १५ सेकंदांनी मोजमाप पाहतो, प्रत्यक्ष आणि अपेक्षित मूल्यांच्या गुणोत्तरावरून पॉडची संख्या ठरवतो, गुणोत्तर एकच्या आसपास दहा टक्क्यांच्या आत असेल तर काहीच करत नाही, आणि संख्या घटवण्याआधी मागच्या पाच मिनिटांतल्या शिफारशींपैकी सर्वांत मोठी धरतो. हे अनुकूलन साधे आहे आणि बहुतेक वेळा पुरतेही. परंतु सीपीयूचा वापर कशाने वाढला, मागणी खरोखर वाढली की मागे डेटाबेस अडकल्यामुळे त्याच त्या रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा येत आहेत, हे कळण्याचा मार्ग त्याच्याजवळ नाही.

रिफ्लेक्शनची अट याहून कडक आहे. ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी १९८२ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात ही कल्पना प्रोग्रॅमिंग भाषांच्या संदर्भात मांडली, आणि पॅटी मेस यांनी १९८७ च्या ऊप्सला (OOPSLA) या ऑब्जेक्ट-आधारित प्रोग्रॅमिंगच्या परिषदेतल्या निबंधात तिला ऑब्जेक्टच्या जगात आणले. प्रणालीजवळ स्वतःचे प्रतिरूप असावे आणि ते प्रत्यक्ष प्रणालीशी कार्यकारणाने जोडलेले असावे, म्हणजे प्रणाली बदलली की प्रतिरूप बदलेल आणि प्रतिरूपात फेरफार केला की प्रणाली बदलेल, अशी ती अट आहे. देखरेखीच्या पडद्यावरचे आलेख या अटीत बसत नाहीत, कारण त्यांना हात लावून काहीही बदलत नाही. गिटमध्ये ठेवलेली यॅमल फाइलही बसत नाही; प्रणाली कशी असावी एवढेच ती सांगते.

मिडलवेअरमध्ये ही कल्पना यायला वेळ लागला, कारण मिडलवेअरचा मूळ हेतूच लपवण्याचा होता. दूरच्या यंत्रावरचा ऑब्जेक्ट जवळचाच आहे असे वाटावे यासाठी कॉर्बाने नेटवर्क, थ्रेड, बफर सारे पोटात घेतले. मग मल्टिमीडिया आणि वायरलेस नेटवर्क आल्यावर नेमक्या त्याच गोष्टी अनुप्रयोगाला दिसण्याची गरज भासू लागली. लँकेस्टर विद्यापीठातील गॉर्डन ब्लेअर, जेफ कूलसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ च्या मिडलवेअर परिषदेत जी रचना मांडली, तिच्यातून पुढे ओपन ओआरबी आकाराला आले (ओआरबी म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टपर्यंत हाक पोहोचवणारा कॉर्बाचा गाभा). त्यात घटकांची जोडणी, इंटरफेस, इंटरसेप्शन (हाक वाटेत अडवून तिच्यावर काम करणे) आणि संसाधने यांची चार वेगळी मेटा-प्रतिरूपे होती. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी नंतर घातलेला लगाम: घटक एका चौकटीत राहत आणि चौकटीचे नियम मोडणारा फेरफार ती नाकारत असे. सर्व काही उघडे ठेवले की सर्व काही मोडताही येते, हे त्या मंडळींच्या लवकर ध्यानात आले होते.

त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात फॅबियो कोन, रॉय कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी डग्लस श्मिट यांच्या टाओ या ओआरबीवर डायनॅमिकटाओ उभारले. टाओमध्ये समवर्ती कामाची, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे हाताळण्याची, पद्धत सुरुवातीलाच फाइलमधून ठरत असे. डायनॅमिकटाओमध्ये ती चालू असताना बदलता येऊ लागली. २००० साली प्रसिद्ध झालेला हा निबंध मुळातून वाचावा, विशेषतः थ्रेड-पूलचा (कामासाठी तयार ठेवलेल्या थ्रेडच्या संचाचा) भाग. थ्रेड-पूलची पद्धत काढून दुसरी बसवायची, तर जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये एकही थ्रेड चालू नाही याची खात्री करावी लागते आणि मग ते थ्रेड आवरावे लागतात. नवी पद्धत बसवणे सोपे असते; जुनी सुरक्षितपणे काढता येईल तो क्षण ओळखणे अवघड असते.

या प्रश्नाला जेफ क्रेमर आणि जेफ मॅगी यांनी १९९० सालीच नेमके रूप दिले होते. घटक बदलायचा तर त्याने स्वतः सुरू केलेला व्यवहार अर्धवट नसावा, त्याने नवा सुरू करू नये, तो कोणाचे काम करत नसावा, आणि ज्यात त्याची गरज लागेल असा दुसऱ्या कोणाचा व्यवहारही वाटेत नसावा. चौथी अट महागात पडते, कारण तिच्यासाठी त्या घटकाला हाक मारू शकणाऱ्या सर्वांनाच थोपवून धरावे लागते. २००७ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी याहून सैल अट सुचवली, जिच्यात अडथळा कमी होतो. मात्र ती स्थिती ठरावीक वेळात येईलच याची हमी नसते. या दोन टोकांमधली जागा माझ्या मते अजून पुरेशी धुंडाळलेली नाही.

हे सारे प्रयोगशाळेबाहेर कसे दिसते याचे मला आवडणारे उदाहरण ग्रिडस्टिक्सचे आहे. इंग्लंडमधल्या रिबल नदीकाठी लँकेस्टरच्या गटाने सौरऊर्जेवर चालणारे छोटे लिनक्स संगणक बसवले होते, आणि त्यांच्यावर त्यांचेच मिडलवेअर चालत होते. पाण्याची खोली आणि कॅमेऱ्याने टिपलेला प्रवाहाचा वेग यांवरून पुराचा अंदाज जागेवरच काढायचा, अशी योजना होती. नदी शांत असताना नोड ब्लूटूथने बोलत आणि कमी वीज खाणाऱ्या लघुतम मार्गांचे जाळे वापरत. पूर येऊ लागला की नोड पाण्याखाली जाण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हा वाय-फाय आणि कमीत कमी टप्प्यांचे जाळे स्वीकारले जाई. त्यात वीज जास्त लागते, पण एखादा नोड गेला तरी बाकीचे तुटत नाहीत. इथे अनुकूलनाची प्रेरणा नदीकडून येते, परंतु निर्णयाला स्वतःची बॅटरी आणि आपण कोणत्या जाळ्यात कुठे आहोत हे दोन्ही ठाऊक असावे लागते. अ‍ॅडॅप्टिव्ह आणि रिफ्लेक्टिव्ह ही जोडी इतक्या स्वच्छपणे मला इतरत्र क्वचितच दिसली आहे.

आता सर्व्हिस मेशकडे या. एन्व्हॉय हा प्रॉक्सी, म्हणजे सेवेच्या वतीने रिक्वेस्ट घेणारा-पाठवणारा मध्यस्थ, आपले क्लस्टर (सेवांचे गट), एंडपॉइंट (त्यांतले पत्ते), लिसनर (रिक्वेस्ट येण्याची ठिकाणे) आणि राउट (त्या वळवण्याचे नियम) हे सर्व चालू असताना नियंत्रणकेंद्राकडून घेतो, आणि त्याची सध्याची मांडणी त्यालाच विचारताही येते. म्हणजे आत्मपरीक्षण आहे, बदलही आहे. पण हे बदल एकाच क्षणी सर्वत्र लागू होत नाहीत, म्हणून त्याच्या दस्तऐवजात क्रम सांगितला आहे: आधी क्लस्टर, मग त्यांचे एंडपॉइंट, नंतर लिसनर, आणि राउट सर्वांत शेवटी, नाहीतर अद्याप माहीत नसलेल्या क्लस्टरकडे रिक्वेस्ट वळतात आणि हरवतात. क्रेमर आणि मॅगी यांचा प्रश्न इथे परत आला आहे, फक्त त्याचे उत्तर सिद्धान्ताऐवजी शिस्तीच्या रूपात दिले आहे. शेकडो प्रॉक्सी असताना कोणत्या क्षणी कोणाजवळ कोणती आवृत्ती आहे याचे खरे प्रतिरूप बांधणे आणि त्यावरून बदल सुरक्षित आहे की नाही हे ठरवणे, हे एम.टेक.च्या आवाक्यातले काम आहे.

दुसरी शक्यता परस्परविरोधी अनुकूलनांची. पॉडची संख्या बदलणारा आणि पॉडचा आकार बदलणारा असे दोन ऑटोस्केलर एकाच सीपीयूच्या मापावर एकत्र चालवू नयेत, अशी सूचना कुबेरनेटिसमध्ये आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रश्न तेवढ्यावरच सोडून दिला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये लिसिया काप्रा आणि सहकाऱ्यांनी कॅरिस्मा या मोबाइल मिडलवेअरसाठी २००३ मध्ये असे संघर्ष लिलावाच्या पद्धतीने सोडवून दाखवले होते. ती पद्धत आजच्या मेशला जशीच्या तशी लागू पडणार नाही, कारण तिथले पक्ष मोबाइलधारक होते आणि इथले पक्ष एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या चमूंनी लिहिलेले नियम आहेत. नेमके कुठे लागू पडत नाही हे दाखवणेही प्रबंधाला पुरेल.

वाचनासाठी मेस, क्रेमर आणि मॅगी, डायनॅमिकटाओ आणि मग ग्रिडस्टिक्स हा क्रम ठेवा. कॉर्बाचे तपशील वाटेत येतील तेवढेच पाहा. प्रयोगासाठी लॅपटॉपवर चालणारे कुबेरनेटिसचे छोटे क्लस्टर आणि दोन-तीन एन्व्हॉय पुरतात. काय मोजायचे ते मात्र कोड लिहिण्याआधी मार्गदर्शकांशी बोलून ठरवा. सरासरी प्रतिसादवेळेवर थांबू नका, कारण बदलाचे नुकसान त्या काही क्षणांपुरते असते आणि सरासरीत ते बुडून जाते. बदल चालू असताना किती रिक्वेस्ट गमावल्या, आणि प्रतिरूप व प्रत्यक्ष यांत किती वेळ तफावत राहिली, हे दोन आकडे प्रत्येक प्रयोगात स्वतंत्र नोंदवा.