पहिलाच आगमनकाळ आहे? मग एवढंच करा

तुम्ही विचारलंत, आगमनकाळात प्रार्थनेची सुरुवात कुठून करू? आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, पण तो दिवस हुकला असेल तर आजपासून प्रार्थनेला बसा.

बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान उघडा. त्याचे अध्याय बरोबर 24. 1 डिसेंबरपासून रोज एक वाचलात की नाताळच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं. पहिला अध्याय मात्र पुन्हा पुन्हा वाचा. येशू तुझ्या पोटी जन्मेल, हा देवदूताचा निरोप ऐकून मरीया गोंधळते, ‘हे कसं होईल?’ असं विचारते आणि मगच होकार देते. तेव्हा भरवसा म्हणजे मनात प्रश्नच नसणं, असं समजू नका. भीती, घरातलं आजारपण, अडलेलं काम, जे आहे ते प्रभूला स्पष्ट सांगा. शब्द सुचले नाहीत तर ‘प्रभू येशू, ये’ एवढंही पुरे.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- पहिल्याच दिवशी तासभर बसायचं ठरवणं. दहा मिनिटं बसा, पण ठरलेल्या वेळी.
- एक दिवस चुकला म्हणून सगळंच सोडून देणं.
- मन भरून येण्याची वाट पाहणं. कोरडी वाटणारी प्रार्थनाही देव ऐकतो.

कुणाशी अबोला असेल तर नाताळाआधी स्वतःहून बोला. हे सगळ्यात जड जातं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

उपवास, प्रहरांच्या प्रार्थना (दिवसाच्या ठरलेल्या वेळांना म्हणायच्या) हे आत्ता नको. कुठे अडलात तर विचारा, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतेच आहे.