लॉगिन होईना म्हणून आलेला माणूस

"पासवर्ड तोच आहे, तरी आत घेत नाही. मॅडम, तुमच्या ओळखीत कोण कॉम्प्युटरवालो आहे का?"

गोव्यात म्हापशातल्या माझ्या खोलीत येऊन बसल्यावर त्याचं हे पहिलं वाक्य. पेडणे तालुक्यातला, तिशी ओलांडलेला, एका हॉटेलात स्टोअर सांभाळणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) बायकोने आणलं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती.

हल्ली हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. ऑनलाइन कॅसिनोचं खातं उघडत नाही, कुणीतरी हॅक केलंय, आतले पैसे कसे वाचवू? मी समुपदेशक आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं, तरी तो कुलपाचंच बोलतो. मग मीही आधी कुलपाचंच बोलते. नाहीतर तो दुसऱ्यांदा येत नाही.

खातं उघडलं कसं, विचारलं. टेलिग्रामवर लिंक आली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर एका एजंटाने 'आयडी' दिली. युजरनेम एजंटाने ठरवलेलं, पासवर्डही त्यानेच. आता तोच एजंट म्हणत होता की बॅलन्स ४१,३०० आहे, पण खातं लॉक झालंय, सहा हजार 'अनलॉक चार्ज' भरा. याने दोनदा भरले होते. तिसऱ्यासाठी मेहुण्याकडे मागायचं चाललं होतं.

"पासवर्ड तुम्ही केलाच नव्हता," मी म्हटलं. "किल्ली पहिल्यापासून त्याच्याकडे. स्क्रीनवरचा आकडाही तोच लिहितो. तुमचे पैसे तुम्ही पाठवले त्याच दिवशी गेले."

त्याने मान हलवली आणि पुन्हा फोनकडे बघितलं.

खरी भीती वेगळीच होती. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरचं नव्हतं, लिंकवरून घेतलेली फाइल होती, आणि बसवताना त्याने एसएमएस वाचायची परवानगी दिली होती. म्हणजे बँकेचा ओटीपी त्याच्याआधी दुसरा कुणी वाचू शकला असता. त्यात एजंटाने दिलेला पासवर्ड 'लक्षात राहतो' म्हणून याने आपल्या ईमेललाही तोच लावलेला. केवायसीच्या नावाखाली आधार आणि पॅनचे फोटोही गेलेले. तेव्हा आधी व्यवहारांचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढले, मग अ‍ॅप उडवायचं ठरलं. बायकोच्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी लावली, बाकी सगळ्या उपकरणांवरून साइन आउट केलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं.

बँकेचा घोळ त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितला. सुरुवातीला जिंकलेले साडेतीन हजार खात्यात आले होते, पण दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यातून. त्यातल्या एका खात्यावर कुणीतरी फसवणुकीची तक्रार केली आणि याच्या खात्यातली तेवढी रक्कम बँकेने अडकवली. घरी सांगितलेलं, सर्व्हर डाऊन आहे.

"पोलिसांत गेलो तर मलाच धरतील ना?" हाही नेहमीचा प्रश्न. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा. पण त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची व्यवस्था करणाऱ्याला आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन त्याने माझ्यासमोरच लावला. हा फोन लवकर केलेला बरा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातात, आणि जितका उशीर तितके ते अडवणं कठीण.

मग मी विचारलं, दिवसातून किती वेळा उघडायचात?

"पाच-सहा वेळा."

अ‍ॅप उडवण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये वापराचा हिशेब बघितला. खातं लॉक होऊन नऊ दिवस झाले होते. काल त्याने ते अ‍ॅप बावन्न वेळा उघडलं होतं.

तो कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग वडिलांचं बोलू लागला. वडील मटका लावायचे, चिठ्ठीवर आकडा, गाड्यावर. आई शिव्या घालायची, पण गाडा रात्री बंद व्हायचा. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी याने पुलावरूनच पाहिलेल्या. २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला प्रवेशच नाही. "माझा कॅसिनो अंगठ्याखाली होता," तो म्हणाला. फिंगरप्रिंट लॉगिन. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आधी अंगठा आपोआप जायचा.

चोराने आत येऊ नये म्हणून आपण खातं सुरक्षित करतो आणि आपल्यासाठी दार सोपं ठेवतो. इथे मला उलटं हवं होतं. यूपीआयची रोजची मर्यादा त्याने स्वतः कमी केली, झटपट कर्जाची अ‍ॅप काढली, पगाराच्या खात्याचे व्यवहार बायकोसमोर करायचे ठरवले. हे त्याच्या संमतीने. बायकोने गुपचूप फोन तपासायचा, हे मला मान्य नाही; त्याने माणूस दुसरा फोन घ्यायला शिकतो.

तिला आत बोलावलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "चवथीच्या माटोळीचे, गणपतीवरच्या सजावटीचे पैसे ह्यांनी घेतले ते मला कळलं होतं. हे कधी सांगतात ते बघत होते." एकूण कर्ज किती, हे त्याने त्या दिवशी तिच्यासमोर कागदावर लिहिलं. आकडा मला सांगितला होता त्याच्या दुप्पट निघाला. याचं मला नवल वाटलं नाही.

जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला होता का, हे मी अशा प्रत्येकाला सरळ विचारते. त्याला आला होता, एकदा. म्हणून बांबोळीच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये घातला. घरी एक वही ठेवायला दिली. खेळायची ओढ आली की वेळ लिहायची, आणि ती ओसरली की पुन्हा वेळ. बहुतेक नोंदींत अर्ध्या तासाच्या आत दुसरी वेळ पडलेली असायची.

चौथ्या महिन्यात एका शुक्रवारी त्याने फोन पुढे केला. नव्या नंबरवरून मेसेज: तुमचं खातं सुरू झालंय, बॅलन्स ४१,३००.

"बघा हां, आकडा बरोब्बर तोच."

"ब्लॉक केलात?"

"नाही अजून. तुमच्यासमोर करूया म्हणून ठेवला."

मेसेज मंगळवारचा होता. मी वही मागितली. बुधवारच्या रात्री एकच वेळ लिहिली होती, २.१०. पुढची जागा कोरी. त्याने नंबर ब्लॉक केला, फोन पालथा ठेवला, आणि आम्ही बुधवारच्या रात्रीपासून बोलायला सुरुवात केली.