कोऱ्या प्रयोगाविषयी

पुणे, आषाढ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आंतरतारकीय बर्फांवर, म्हणजे ताऱ्यांमधल्या धुळीच्या कणांवर गोठणाऱ्या वायूंच्या थरांवर, प्रयोगशाळेत काम करायचे तू ठरवलेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पहिल्याच वर्षी बर्फावर अतिनील किरण सोडून अमिनो आम्ले मिळवावीत, असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. २००२ साली दोन गटांनी ते करून दाखवले, तेव्हा आम्हीही असेच भारावलो होतो. तरीही तू आधी कोरा प्रयोग शिकावास, असा माझा आग्रह आहे: तेच तापमान, तेवढाच वेळ, तोच दिवा, फक्त बर्फ नाही, आणि मग बर्फ आहे, पण दिवा बंद.

या दिवसांत निर्वात कक्ष थोडा वेळ जरी उघडा राहिला, तरी पुण्याच्या दमट हवेतले पाणी त्याच्या पोलादी भिंतींना चिकटते आणि ते घालवण्यासाठी कक्षाला तापपट्ट्या गुंडाळून, वर ॲल्युमिनियमची फॉइल लपेटून, तो दिवसचे दिवस शंभर अंशांच्या वर तापवत ठेवावा लागतो. मिलिबारच्या एक कोट्यंश दाबाला १० केल्विनच्या (सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअस) पृष्ठभागावर उरलेल्या वायूचा एक रेणूभर थर साधारण दहा सेकंदांत बसतो; दाब आणखी हजार पटीने उतरवला, तर त्याच थराला सुमारे तीन तास लागतात. म्हणजे समोरचा बर्फ तू घातलेला की कक्षाने घातलेला, हे दाबावरच ठरते.

उमेदीच्या काळात मला अवरक्त वर्णपटात (बर्फ कोणते अवरक्त किरण शोषतो, त्याच्या आलेखात) २९२५ आणि २८५५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन नाजूक शिखरे दिसली होती. कार्बन-हायड्रोजन बंध तयार झाला, अशी माझी खात्रीच पटली. ते पंपाचे तेल होते, आणि कोरा प्रयोग न केल्यामुळे ते कळायला तीन महिने गेले. त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून कार्बन-१३चा, म्हणजे कार्बनच्या किंचित जड समस्थानिकाचा, कार्बन मोनॉक्साइड वापर. त्याचे शिखर २१३९ वरून २०९२ वर सरकते. तयार झालेल्या रेणूची शिखरेही तशीच सरकली, तरच त्यातला कार्बन तुझ्या बर्फातला. रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या वस्तुमान वर्णमापकावर एकट्याने विसंबू नकोस. ६० वस्तुमानाला ॲसिटिक आम्ल, मिथाइल फॉर्मेट आणि ग्लायकोलाल्डिहाइड हे तिन्ही येतात, त्यामुळे प्रत्येकाचा शुद्ध नमुना त्याच कक्षात गोठवून, तो कोणत्या तापमानाला उडतो आणि त्याचे तुकडे कसे पडतात, हे स्वतः नोंदवून ठेव. बर्फ तापवण्याआधीचा वर्णपटही घे; तापताना मूलके (तुटलेल्या रेणूंचे क्रियाशील तुकडे) हलू लागतात आणि काही रेणू तेव्हाच बनतात.

सुरुवात मिथेनॉल बनवण्यापासून कर. होक्काइडो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी दाखवले, की १० केल्विनला हायड्रोजनचे अणू कार्बन मोनॉक्साइडच्या बर्फावर सोडले, तर फॉर्माल्डिहाइड आणि पुढे मिथेनॉल बनते. प्रकाश लागत नाही, उष्णता लागत नाही, अणू ऊर्जेच्या भिंतीवरून न चढता पुंज-बोगद्याने (क्वांटम टनेलिंगने) तिच्यातूनच पलीकडे जातो. ताऱ्यांमधल्या काळोखात हे खरोखर घडते, आणि ते तुझ्या हातून घडताना तू पाहावेस, अशी माझी फार इच्छा आहे.

पुढच्या आठवड्यात पहिल्या कोऱ्या प्रयोगाचा वर्णपट घेऊन घरी ये. शिखरे एकेक करून आपण दोघे ओळखू.

तुझा,
एक जुना प्रयोगकर्ता