गांजा-लागवडीच्या कंपनीत पैसे गुंतवलेत, पण दोन वर्षं काम ठप्प आहे. वाट बघावी की शंका घ्यावी?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: औषधी गांजा पिकवण्यासाठी कंपनीने गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले, इमारत उभी केली, आणि तेव्हापासून दर बैठकीत 'परवाना शेवटच्या टप्प्यात आहे, पुढच्या तिमाहीत पहिलं पीक' एवढंच सांगितलं जातंय. आता त्याच गुंतवणूकदारांकडे आणखी पैसे मागितले आहेत. देश तुम्ही सांगितलेला नाही, त्यामुळे कुठेही लागू पडेल असंच लिहितो. बंदिस्त लागवडीच्या इमारतींची वीज आणि हवामान यंत्रणा आखणं हे माझं काम आहे, म्हणून मी ताळेबंदाआधी इमारत बघतो.

शंका जरूर घ्या, पण फक्त उशीर झाला म्हणून घेऊ नका. या धंद्यात प्रामाणिक माणसांचेही प्रकल्प अडकतात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने मे 2019 मध्ये जाहीर केलं की आधीच्या तीन वर्षांत कागदी छाननीतून पार पडलेल्या अर्जदारांपैकी 70 टक्क्यांहून अधिक जणांनी नियमांत बसणारी इमारत बांधल्याचा पुरावाच दिलेला नव्हता. मग त्यांनी नियमच बदलला: नवा अर्ज करायचा तर जागा आधी पूर्ण बांधून तयार हवी. ऑरोरासारख्या मोठ्या कॅनेडियन गांजा कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल्बर्टा प्रांतातल्या मेडिसिन हॅट शहरातलं आणि डेन्मार्कमधलं बांधकाम थांबवलं. पण ते उघडपणे सांगून थांबवलं. तुमच्या कंपनीला काम नेमकं कुठे अडलंय ते सांगता येतं का, आणि त्याचा कागद दाखवता येतो का, हे तपासा.

'पुढच्या तिमाहीत पीक' हा दावा तर तुम्ही स्वतःच पडताळू शकता. व्यापारी लागवड सहसा बियांपासून होत नाही. निवडलेल्या मादी मातृरोपांच्या फांद्या छाटून कलमं करतात. कलमाला मुळं फुटायला साधारण दोन आठवडे, मग वाढीचे काही आठवडे, मग रोज बारा तास अखंड अंधार देऊन फुलोऱ्याचे आठ ते दहा आठवडे, आणि वर दहा-चौदा दिवस सुकवणं. सगळं सुरळीत झालं तरी चार महिने जवळजवळ लागतातच, आणि विक्रीपूर्वीची प्रयोगशाळेतली तपासणी त्यानंतर. म्हणजे आज तिथे जिवंत मातृरोपं नसतील, किंवा कलमं कायदेशीर मार्गाने कुठून येणार हे ठरलेलं नसेल, तर तीन महिन्यांत पीक येणारच नाही. हा प्रश्न थेट विचारा: मातृरोपं आहेत का, किती, आणि कोणत्या परवान्याखाली ठेवली आहेत?

दुसरी गोष्ट विजेची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात बोलकी. भिंती, छत, दिव्यांच्या रांगा फोटोत छान दिसतात. खरा खर्च असतो हवेतला ओलावा काढण्यात. झाडांना दिलेलं बहुतेक पाणी पानांतून वाफ होऊन त्याच खोलीत येतं. रात्री दिवे बंद झाले, तापमान उतरलं की हवा दमट होते आणि भरगच्च कळ्यांत आतून करडी बुरशी धरते. तो माल औषध म्हणून विकता येत नाही. पैसे संपत आलेल्या प्रकल्पात कात्री पहिल्यांदा याच यंत्रणेला लागते, कारण पाहुण्यांना ती दिसत नाही. त्यामुळे वीज कंपनीचं मंजुरीपत्र मागा: किती भार मंजूर आहे, आणि दिवे, शीतकरण व ओलावा काढणारी यंत्रं मिळून गरज किती आहे? गेल्या काही महिन्यांची बिलंही बघा. एखादी खोली जरी चालू असेल तरी बिलात ते दिसतंच. सुकवण्याची खोली तयार आहे का, तेही विचारा. ती हमखास शेवटी राहते.

परवान्याची प्रत स्वतः वाचा. तो कोणाच्या नावावर आहे, कशासाठी आहे (लागवड, प्रक्रिया, विक्री यांचे परवाने बहुधा वेगळे असतात), आणि कोणत्या जागेला लागू आहे? हा बारकावा किरकोळ नाही. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या कॅनट्रस्ट कंपनीकडे परवाना होता. पण पाच खोल्यांत त्या खोल्यांची मंजुरी येण्याआधीच लागवड झाल्याचं 2019 मध्ये उघड झालं, आणि त्याच वर्षी तिचा परवाना निलंबित झाला.

समजा हे सगळं ठीक निघालं. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या आराखड्यातला विक्रीदर आज मिळेल का, हे विचारावंच लागेल. कॅनडात 2018 मध्ये गांजाला कायदेशीर मोकळीक मिळाल्यावर इतकी लागवड वाढली की मार्च 2020 मध्ये कॅनोपी ग्रोथ या गांजा कंपनीने ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली सुमारे 30 लाख चौरस फुटांची दोन हरितगृहं बंद केली. तिथे सुक्या फुलांवर ग्रॅममागे किमान एक डॉलर अबकारी कर आहे, त्यामुळे घाऊक भाव पडला की कराचा वाटा वाढतच जातो. निर्यातीचं स्वप्न दाखवत असतील तर खरेदीदाराचा सही केलेला करार बघा. नुसतं 'आम्हाला रस आहे' असं पत्र चालणार नाही.

फसवणुकीची शक्यताही बोलायला हवी. युरोपातल्या जूसीफील्ड्स या ऑनलाइन योजनेने 50 युरोपासून रोपांत पैसे गुंतवायला सांगून वर्षाला 100 टक्के आणि त्याहून जास्त परताव्याचं आमिष दाखवलं. सुरुवातीला काहींना पैसे मिळालेही. जुलै 2022 मध्ये पैसे काढणं बंद झालं. एप्रिल 2024 मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने अटकांची माहिती दिली तेव्हा नोंदलेलं नुकसान 64.5 कोटी युरो होतं. तुमच्या कंपनीने ठरावीक परताव्याचं वचन दिलं असेल, किंवा जुन्यांना नव्यांच्या पैशातून देत असल्याचं दिसत असेल, तर बैठकीची वाट न बघता वकील गाठा.

आता नव्या मागणीबद्दल. कागद हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. 'नाही दिलेत तर तुमचा हिस्सा कमी होईल' असं ते म्हणतील, आणि ते खरंही असू शकतं. पण बंद पडलेल्या इमारतीतला मोठा हिस्सा घेऊन तुम्ही काय करणार? संचालकांना लेखी पत्र पाठवा, त्यात मातृरोपं, वीजमंजुरी, परवाना, ठेकेदारांची थकबाकी आणि इमारतीवरचं कर्ज याबद्दल विचारा, आणि उत्तराला मुदत द्या. इतर गुंतवणूकदारांच्याही सह्या घ्या. एकट्याचं पत्र बाजूला पडतं, पंधरा जणांचं सहसा पडत नाही. जागेची पाहणी मागा आणि सोबत कंपनीशी संबंध नसलेला एखादा वीज-वातानुकूलन अभियंता न्या. बाहेरच्यांना आत सोडण्यावर सुरक्षेचे नियम असतात, पण नोंद करून पाहुण्यांना नेण्याची सोय परवानाधारकांकडे साधारणपणे असते. 'नियमामुळे कोणालाच आत येता येणार नाही' असं सांगितलं, तर तो नियम लेखी दाखवायला सांगा.