दुकानात हवं ते बियाणं मिळत असताना बियाणे बँक कशाला हवी?

तुमचा प्रश्न असा की, दरवर्षी नवं सुधारित बियाणं बाजारात येतंच, मग जुने वाण जपण्यावर पैसा का घालवायचा? मी शेतकरी घरातला आहे. मला वाटतं, कोणता वाण कधी उपयोगी पडेल हे आज कुणालाच सांगता येत नाही, आणि एकदा गेलेला वाण पुन्हा तयार करता येत नाही.

भाताचंच बघा. १९७० च्या आसपास आशियात ‘ग्रासी स्टंट’ नावाच्या विषाणूरोगानं भाताची वाट लावली होती. तपकिरी तुडतुडे तो पसरवतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं संग्रहातले हजारो नमुने तपासले, तेव्हा रोगाला दाद न देणारा एकच हाती लागला: उत्तर प्रदेशातून आणलेला ओरायझा निवारा हा रानभात. याचे दाणे पिकताच गळून पडतात, शेतात उगवला तर तण म्हणून उपटला जाईल. पण तिथले शास्त्रज्ञ गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ती ताकद लागवडीच्या भातात आणली आणि १९७६ मध्ये आलेला आयआर ३६ हा वाण पुढे लाखो हेक्टरवर पेरला गेला. कुणीतरी ते मूठभर बी आधीच गोळा करून ठेवलं होतं, म्हणून हे जमलं.

मात्र बी जिवंत असतं, ते ओल आणि उष्णतेनं मरतं. ढोबळ नियम असा की, बियांतली ओल एक टक्क्यानं कमी केली की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बी नीट सुकवून उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात. अधूनमधून उगवण तपासतात, ती घटली की पुन्हा पेरून ताजं बी धरतात.

पण शीतगृहातलं बी जसंच्या तसं राहतं, शेतातलं मात्र बदलत्या पावसाशी जुळवून घेत जातं. त्यामुळे गावातली बँकही तितकीच गरजेची. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भाताचे गावरान वाण घरच्या घरी जपले आणि बियाणं नेणाऱ्यानं पुढच्या हंगामात दुप्पट परत करायचं अशी रीत घातली. त्यांना पद्मश्री मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे.

आंबा, फणस यांचं काय? त्यांचं बी सुकवलं की मरतं, गोठवूनही टिकत नाही. त्यांच्या जाती जपायच्या तर झाडंच लावून राखावी लागतात.

तुमच्या गावात कुणाकडे जुना वाल किंवा भात असेल तर पेरणीआधी मूठभर मागून घ्या. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळा, आठवड्यानं किती मोड आले ते मोजा. आणि वाणाचं नाव, कुणाकडून आणला, कोणत्या जमिनीत, किती दिवसांत येतो, हे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून डब्यावर लिहून ठेवा.