कॉन्टॅक्ट सेंटरमधल्या एजंट, टीम लीड, मॅनेजर या उतरंडीसाठी बिल्डर पॅटर्न कसा वापरावा?

बिल्डर म्हणजे ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने बनवून देणारा वेगळा क्लास. समजा तुम्ही जावामध्ये एम्प्लॉयी-बिल्डर लिहिला, त्यातून एजंट-बिल्डर काढला, त्यातून टीम-लीड-बिल्डर. आता एकामागून एक मेथड जोडलेल्या साखळीत आधी नाव() लिहिलं की पुढे स्किल() (एजंटला कुठले कॉल जमतात ते) चालत नाही आणि कंपायलर अडतो. याचं कारण सरळ आहे. नाव() वरच्या क्लासमध्ये आहे, ती वरचाच टाइप परत करते आणि त्या टाइपला स्किल म्हणजे काय ते ठाऊक नाही. बिल्डरला स्वतःचाच टाइप जेनेरिक पॅरामीटर (वापरताना भरायचा टाइप) म्हणून दिला की हे सुटतं. मीही एकदा तसं सोडवलं होतं. तीन महिन्यांनी तो कोड उघडला तेव्हा मीच त्याच्यापुढे हात टेकले.

माझ्या मते एकातून दुसरा काढलेले हे क्लासच आधी काढून टाका. आजचा एजंट पुढच्या महिन्यात टीम लीड होतो, आणि चालू ऑब्जेक्टचा क्लास तर बदलता येत नाही. शिवाय कॉलची रांग वाढली की टीम लीडसुद्धा हेडसेट चढवून कॉल घेतो, म्हणजे स्किल त्यालाही लागतात. भूमिका हे एक फील्ड राहू द्या. सदस्य एकच प्रकारचा: आयडी, नाव, भूमिका, स्किल आणि प्रत्येक स्किलची पातळी. एवढ्याशा गोष्टीला बिल्डर कशाला? जावाचा रेकॉर्ड (नुसती फील्ड धरणारा छोटा क्लास) पुरतो. कोटलिन किंवा पायथनमध्ये आर्ग्युमेंट नावानिशी देता येतात, तिथे तर प्रश्नच मिटला.

बिल्डर खरा कामाला येतो तो अख्खी उतरंड उभी करताना. सदस्य इम्युटेबल (बनल्यावर न बदलणारे) ठेवायचे म्हटले की पेच पडतो: लीड बनवायला त्याची टीम हातात हवी, टीममधला एजंट बनवायला त्याचा लीड हातात हवा. त्यात एचआरकडून येणारी फाइल कुठल्याच क्रमाची नसते. एजंटची ओळ आधी आणि त्याच्या लीडची ओळ दोनशे ओळींनंतर, हे नेहमीचंच. म्हणून बिल्डरने नुसते आयडी गोळा करावेत:

उतरंड.सदस्य("अ१७", एजंट).वरिष्ठ("अ१७", "ल४").सदस्य("ल४", टीमलीड).बिल्ड()

(मेथडची नावं इथे मराठीत लिहिली आहेत, तुमच्या कोडमध्ये हवी ती ठेवा.) "ल४" अजून आलेला नाही म्हणून वरिष्ठ() ने एक्सेप्शन फेकू नये. जोडणी आणि तपासणी दोन्ही बिल्ड() मध्येच व्हावी. तिथे मी एवढं बघतो: प्रत्येक वरिष्ठाचा आयडी यादीत आहे ना, एका सदस्याला दोन वरिष्ठ लागले नाहीत ना, मुळाशी एकच माणूस आहे ना, आणि कुठे चक्र तर नाही ना. चुका एकेक करून फेकू नका, सगळ्या जमवून एकदम सांगा. फाइल दुरुस्त करणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

चक्राची तपासणी मी आधी ठेवली नव्हती. मग दोन लीड एकमेकांच्या सुट्टीत काम बघणार होते, कुणीतरी दोघांनाही एकमेकांचे वरिष्ठ करून टाकलं, आणि रात्रीचा रिपोर्ट वर चढत चढत स्टॅक संपवून आडवा झाला. तपासणी अवघड नाही. प्रत्येक सदस्यापासून वर चालत जा आणि वाटेत भेटलेले आयडी एका सेटमध्ये टाका. तोच आयडी पुन्हा भेटला तर चक्र.

एक जागा मात्र जपा. एजंटचा लीड कोण आणि एजंट कुठल्या क्यूचे (कॉलच्या रांगेचे) कॉल घेतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच एजंट बिलिंगच्या आणि तक्रारींच्या, दोन्ही क्यूंवर असू शकतो. क्यू तुम्ही उतरंडीच्या झाडात कोंबल्या तर त्याला दोन वरिष्ठ लागतील आणि वरची तपासणी बोंबलेल, तेही बरोबरच. राउटिंग, म्हणजे कुठला कॉल कुणाकडे जाणार हे, स्किल बघून होतं, त्याला लीडशी देणंघेणं नाही. सुपरवायझरने कुणाचे कॉल ऐकायचे, रजा कुणी मंजूर करायची, टीमचा सरासरी हँडल टाइम (एक कॉल हाताळायला लागणारा वेळ) कुणाच्या नावावर धरायचा, हे प्रश्न उतरंडीचे. क्यूचं सदस्यत्व वेगळ्या मॅपमध्ये (आयडीवरून क्यू सांगणाऱ्या यादीत) ठेवा.

बदल्यांसाठी सेटर देऊ नका. तयार उतरंडीवरून पुन्हा बिल्डर मिळवणारी एक मेथड ठेवा, त्यात बदल करा, नवी उतरंड बिल्ड करा आणि ॲटॉमिक रेफरन्समधली (अर्धवट न दिसता बदलणाऱ्या संदर्भातली) जुनी एका झटक्यात बदला. वाचणाऱ्या थ्रेडला एक तर जुनं पूर्ण झाड दिसेल किंवा नवं पूर्ण. जुनी आवृत्ती लागू तारखेसह साठवून ठेवा. एजंट १५ तारखेला टीम बदलतो आणि महिनाअखेरीला दोन्ही लीड त्याच्या पहिल्या पंधरवड्याच्या आकड्यांवरून भांडतात, तेव्हा ती लागते.

नेस्टेड बिल्डर, म्हणजे टीम() च्या आत लॅम्ब्डा (छोटं निनावी फंक्शन) आणि त्यात एजंट(), दिसायला फार देखणा असतो. मी तो फक्त टेस्टमध्ये वापरतो, कारण तिथे झाड हातानेच लिहायचं असतं.